वंगणाचं इंजेक्शन घेऊ का?

गेल्या अंकात गुडघेदुखीवर लिहिताना ‘जेलच्या (म्हणजे लोक ज्याला वंगणाचं म्हणतात त्या) इंजेक्शनबद्दल परत कधीतरी’ असं म्हणून मी सटकलो होतो, ते वाचकांनी बरोबर पकडलं. पत्रं आणि मेसेज मिळून इतके प्रश्न आले की सगळे छापणं शक्य नाही, त्यातले सात घेतलेत, काही थोडे कापलेत. तपासल्याशिवाय कुणाच्या गुडघ्याबद्दल छातीठोक सांगता येत नाही हे धरूनच वाचा.

प्रश्न : मी ५९ वर्षांची, रिटायर्ड शिक्षिका, मिरजेला राहते. वर्षभर उजवा गुडघा दुखतोय, जिना उतरताना जास्त. एक्स-रे काढला तर डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालाय आणि वंगण संपलंय, वंगणाचं इंजेक्शन घेतलं की सहा महिने ते वर्षभर बघायला नको. एका गुडघ्याचे १८ हजार सांगितलेत. मला शुगर आहे. घेऊ का?

मॅडम, आधी त्या ‘वंगण’ शब्दाकडे बघूया, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आम्ही डॉक्टर लोकच हा शब्द वापरतो, पेशंटला पटकन कळतो म्हणून, पण मग पेशंटच्या डोळ्यासमोर सायकलची चेन येते, ऑइल संपलं की कुरकुरते, ऑइल घातलं की झालं काम. गुडघा तसा नसतो. सांध्यात एक चिकट पाणी असतं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, त्याला सायनोव्हियल फ्लुइड म्हणतात आणि त्या नावातला ‘ओव्हिया’ अंड्यावरूनच आला असं म्हणतात, पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात ते नाव दिलं. चांगल्या गुडघ्यात हे पाणी असतं किती, तर जेमतेम चमचाभर, बऱ्याचदा त्याहून कमी. आणि गंमत म्हणजे झिजलेल्या गुडघ्यात ते संपत नाही, उलट सूज असेल तर वाढतं, कधी कधी आम्ही तीस-चाळीस मिली काढतो. बिघडतो तो त्याचा दर्जा. त्यात हायलुरोनिक अ‍ॅसिड नावाचा लांबलचक साखळीचा पदार्थ असतो, त्याच्यामुळे हळू चालताना ते पाणी गुळगुळीतपणा देतं आणि धक्का बसला की गादीसारखं वागतं. झिजेच्या संधिवातात ह्या साखळ्या तुटून छोट्या होतात, प्रमाणही कमी होतं, पाणी पातळ होतं. इंजेक्शनमध्ये हेच हायलुरोनिक अ‍ॅसिड असतं.

म्हणजे मग डॉक्टरांचं बरोबरच की, असं वाटेल. पण इथे एक गोम आहे. बाहेरून घातलेलं हे जेल गुडघ्यात टिकतं किती, तर साधं असेल तर एक-दोन दिवसांत बरंचसं निघून जातं, जाड केलेलं असेल तर आणखी काही दिवस. मग ज्यांना सहा महिने बरं वाटतं त्यांना ते ऑइल आत साठून राहिल्यामुळे वाटत नाही हे उघड आहे. सूज थोडी कमी होते, दुखण्याच्या नसा शांत होतात, शरीर स्वतःचं हायलुरोनिक अ‍ॅसिड जरा जास्त बनवतं, असे अंदाज आहेत. पक्कं एवढंच की झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, ह्याने भरून येत नाही आणि एक्स-रेमधला गॅप वाढत नाही. तसं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.

आता तुमच्या शुगरचं. स्टेरॉइडचं इंजेक्शन गुडघ्यात दिलं की पुढचे काही दिवस शुगर चढते, जेलने तसं होत नाही, म्हणून शुगरवाल्यांना आम्ही जेलचा विचार थोडा आधी करतो हे खरं. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला दिसलीच नाही. मांडीचे व्यायाम कुणी शिकवले का? डायक्लोफेनॅक ह्या दुखण्यावरच्या औषधाचं जेल, म्हणजे लावायचं, टोचायचं नव्हे, ते तीन-चार आठवडे नियमित लावून बघितलं का? वजन किती आहे? एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, अमेरिकेत चालण्याचं मोजमाप करून हे काढलंय, आणि त्याला १८ हजार लागत नाहीत.

व्यायाम सांगतो, तीनच. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दुसरा, झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, धरायचा, सावकाश खाली. तिसरा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, धप्पकन नाही. प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, थोडं दुखलं तर चालतं पण दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर कमी करायचं. हे तीन महिने मनापासून करा, नाहीच जमलं तर मग इंजेक्शनचं बोलू. शिक्षिका आहात, वर्गातल्या पोरांना पाढे पाठ होईपर्यंत सोडलं नसेल तुम्ही, तेच गुडघ्याला लावा.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली आहे, पुण्याच्या डॉक्टरांनी तिला जेलचं इंजेक्शन सुचवलं होतं. इथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, सरळ सांगितलं की आम्ही हे देत नाही, उपयोग नाही. खरं कोण बोलतंय?

दोघंही आपापल्या परीने खरं बोलतायत, हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही पण थोडं ऐका. तुमच्या तिकडे नाइस म्हणून संस्था आहे, सरकारी आरोग्यसेवेत काय द्यायचं काय नाही ते ती ठरवते, आणि २०२२ च्या त्यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की झिजेच्या संधिवाताला हायलुरोनिकचं इंजेक्शन देऊ नका. त्यामुळे तुमचे जीपी नियमाने बोलले. अमेरिकेत औषध प्रशासनाने १९९७ मध्येच गुडघ्यासाठी ह्याला परवानगी दिली, तीही औषध म्हणून नाही बरं का, उपकरण म्हणून, ते मेकॅनिकल काम करतं असं धरून. २०१८ मध्ये त्यांनीच म्हटलं की ह्याला औषध म्हणायचं का ते परत बघावं लागेल. तिथल्या हाडाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये ‘सरसकट देऊ नका’ असं सांगितलं. आणि ओआर्सी नावाची संधिवातावरची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी काही अटींवर चालेल म्हटलं. म्हणजे पंचांमध्येच एकमत नाही, मग पुण्याचे डॉक्टर आणि लेस्टरचे जीपी वेगळं बोलले ह्यात नवल काय.

माझं मत जरा बदललं ते २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासाने, बीएमजे ह्या ब्रिटिश जर्नलमध्ये आला होता. गेल्या पन्नासेक वर्षांतल्या १६९ चाचण्या, एकवीस हजारांवर पेशंट, सगळं एकत्र करून बघितलं. त्यातल्या मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्याच वेगळ्या काढल्या, जिथे अर्ध्यांना खरं जेल आणि अर्ध्यांना नुसतं सलाइन किंवा तसलंच काहीतरी, तर शंभराच्या पट्टीवर जेलवाल्यांचं दुखणं सलाइनवाल्यांपेक्षा दोनने जास्त कमी झालं. फक्त दोन. माणसाला ‘हो, फरक पडला’ असं जाणवायला निदान नऊचा फरक लागतो असं त्यांनी धरलं होतं. शिवाय गंभीर त्रासांचं प्रमाणही जेलच्या गटात थोडं जास्त निघालं.

आता ह्याची दुसरी बाजू, जी आकड्यात दिसत नाही. सलाइनवाल्यांचं दुखणंसुद्धा चांगलंच कमी झालेलं असतं! गुडघ्याच्या दुखण्यात हे नेहमी दिसतं, सुई टोचली, डॉक्टरने हात लावला, लक्ष दिलं, दुखणं जास्त असतानाच माणूस आलेला असतो ते तसंही जरा उतरणार असतं, ह्या सगळ्याचा मिळून आराम पडतो. माझ्याकडे पेशंट येऊन सांगतो डॉक्टर तुमच्या इंजेक्शनने वर्ष छान गेलं, तो खोटं बोलत नाही, पण त्यातलं जेलमुळे किती आणि बाकी किती हे त्याला कळत नाही आणि मलाही नाही. वीस वर्षं इंजेक्शनं दिली मी, आधी बरीच द्यायचो, आता वर्षाला मोजकी देतो, ज्याला गोळ्या किडनीमुळे चालत नाहीत, स्टेरॉइड शुगरमुळे नको, ऑपरेशनचं वय किंवा झीज नाही, व्यायाम करूनही अडलंय, अशाला, आणि आधी स्पष्ट सांगून की चाललं तर चाललं.

आईंचं म्हणाल तर तिथे फिजिओथेरपी मिळते का ते बघा, ती जीपीकडून नक्की मागा. प्रायव्हेटमध्ये पाउंड मोजून जेल टोचून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

प्रश्न : वय ६३, फलटण तालुका. बावीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर वारी चालतो. औंदा गुडघ्याने दगा दिलाय. मुलगा म्हणतो जेलचं इंजेक्शन घ्या, पण कुणीतरी म्हणालं ते कोंबड्यापासून बनवतात. मी माळकरी आहे. खरं आहे का, आणि घेतलं तर वारीआधी किती दिवस घ्यावं?

माउली, कोंबड्याची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि गोष्ट म्हणून झकास आहे म्हणून सगळीच सांगतो. हा पदार्थ पहिल्यांदा सापडला १९३४ मध्ये न्यूयॉर्कला, कार्ल मायर आणि जॉन पामर ह्या दोघांना, गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पाण्यात. पुढे एंद्रे बालाझ नावाचा हंगेरीचा शास्त्रज्ञ अमेरिकेत आला, त्याने कोंबड्याच्या तुऱ्यातून तो इतका शुद्ध काढला की शरीरात घातला तरी सूज येणार नाही. तुऱ्यात हा पदार्थ भरपूर असतो, तुरा उभा राहतो तो त्याच्यामुळेच. आणि सांध्यात पहिल्यांदा टोचून घेतलं कुणी, तर शर्यतीच्या घोड्यांनी! १९७० च्या आसपास लंगडणाऱ्या घोड्यांना दिलं, मग माणसांचा नंबर.

सिनव्हिस्कसारखी काही इंजेक्शनं आजही तुऱ्यापासूनची आहेत, पण बाजारात दुसरी बरीच अशी आहेत जी जिवाणूंपासून बनवतात, मोठ्या टाकीत दही लावल्यासारखं आंबवून, त्यात कोंबड्याचा संबंध नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मी माळकरी आहे, मला तुऱ्याचं नको’. डब्यात कागद असतो त्यावर लिहिलेलं असतं. लाजायचं काही कारण नाही, ज्यांना अंडं-चिकनची अ‍ॅलर्जी असते त्यांनाही आम्हाला हेच विचारावं लागतं.

वेळेचं बघा. ह्याचा गुण येतो तो हळूहळू, साधारण महिन्याने जाणवायला लागतो, दोन महिन्यांनी सगळ्यात जास्त. प्रस्थानाच्या आदल्या आठवड्यात घेऊन फायदा नाही, उलट टोचलेल्या जागी सूज आली तर पहिल्याच मुक्कामाला बसावं लागेल. घ्यायचंच असेल तर दीड-दोन महिने आधी, नंतरचे दोन दिवस शेतात जायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, ओझं नाही. पण आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे आणि ते इंजेक्शन चालणार नाहीये, तुमच्या मांड्या चालणार आहेत. आत्तापासून रोज थोडं थोडं वाढवत चाला, वरचे तीन व्यायाम करा, तळव्याला मऊ असे चांगले बूट घ्या, नवे कोरे बूट वारीतच काढू नका. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. टाळ आणि काठी एकदम जमणार नाही ते खरं, टाळ एखादं वर्ष शेजारच्याकडे द्या. आणि ज्या दिवशी गुडघा फुगेल त्या दिवशी ट्रकमध्ये बसा, पांडुरंग काही हजेरी घेत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तालुक्याला एक डॉक्टर गुडघ्यात पाचशे-सातशे रुपयांत इंजेक्शन देतात, दोन दिवसांत पळायला लागतो माणूस. मग महागाचं जेल कशाला? (शेतकरी, बारामती)

ते स्टेरॉइड असणार. वाईट नाही ते, गुडघा सुजलाय, लग्न चार दिवसांवर आलंय, अशा वेळी मी पण देतो, झटकन उतरतं आणि काही आठवडे टिकतं. पण पळायला लागतो म्हणून दर दोन महिन्यांनी टोचत राहिलात तर महागात पडेल. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० पेशंटवर बघितलं होतं, दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टेरॉइड दिलं, दुसऱ्या गटाला सलाइन, तर दोन वर्षांनी दुखण्यात दोघांच्यात फरक नाही आणि कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजलेली. इंजेक्शन कुठलं दिलं त्याचं नाव कागदावर लिहून मागत जा दादा, कुठेही गेलात तरी. नाव न सांगता टोचणाऱ्याकडे परत जाऊ नका.

प्रश्न : तीन आठवड्यांत तीन असा कोर्स होता. दुसरं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गुडघा फुटबॉलसारखा झाला, गरम, पाय टेकवेना. हॉस्पिटलला फोन केला तर ‘होतं असं, बर्फ लावा’ म्हणाले. आता कमी आहे पण तिसरं घ्यायची भीती वाटते. (नाशिक)

ताई, होतं असं हे खरं, पण फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ही. जेलची एक रिअ‍ॅक्शन असते, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर, एक ते तीन दिवसांत गुडघा टम्म फुगतो, दिसतं अगदी पू झाल्यासारखं पण जंतू नसतात, पाणी काढलं, बर्फ आणि गोळ्या दिल्या की बसतं. अडचण अशी की खरं इन्फेक्शनसुद्धा दिसतं असंच, दुर्मीळ आहे पण झालं तर गुडघ्याची वाट लागते. त्यामुळे अशा गुडघ्यातलं पाणी सुईने काढून लॅबला पाठवायलाच हवं होतं. ताप, थंडी, किंवा सूज वाढतच चाललीय असं असेल तर त्याच दिवशी जायचं, रात्र काढायची नाही. तिसरं घेऊ नका. पैसे भरलेत म्हणून घेते असं तर अजिबात नको.

प्रश्न : खुब्याच्या सांध्यात देतात का हे? (ठाणे)

देणारे देतात, पण गुडघ्याबद्दल निदान वाद तरी आहे, खुब्यात तर ‘देऊ नका’ असं अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ मध्ये ठासून सांगितलंय. सोडून द्या.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेत, बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरतात. एक्स-रेत चौथी स्टेज. वाट्या बदलायला त्या तयार नाहीत, त्यांची बहीण ऑपरेशननंतर खूप रडली होती म्हणे. दर सहा महिन्यांनी जेल देत राहिलं तर चालेल का? आणि डॉक्टर, तुम्ही स्वतः घेतलंय का हे? (सूनबाई, अकोला)

दर सहा महिन्यांनी जेलचा खर्च दोन्ही गुडघ्यांना जोडून बघा, दोन-तीन वर्षांत कुठे जातो. पाय वाकलाय म्हणजे आतल्या बाजूला हाडावर हाड घासतंय, तिथे चमचाभर जेल काय करणार. जो काही थोडाफार उपयोग होतो तो पहिल्या-दुसऱ्या, फार तर तिसऱ्या स्टेजला, चौथीत, म्हणजे शेवटच्या स्टेजला, मी पैसे घेऊन जेल देत नाही.

वाट्यांचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, नेहमीचा जो कोबाल्ट-क्रोम धातूचा कृत्रिम सांधा लागतो त्याची तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरवली होती, आधी दीड-दोन लाख लावायचे. तेव्हा नुसत्या इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन आठवडे दुखतं, खोटं कशाला बोलू, बहिणीचं रडणं खरं असणार. पण ती बहीण आता कशी चालते ते विचारा ना, तेच सासूबाईंना ऐकवा, माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील. आणि ऑपरेशन ठरवलंत तर त्याआधीचे तीन महिने गुडघ्यात कुठलंच इंजेक्शन नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो. ठरेपर्यंत वॉकर द्या, कमोडला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे बसवा, भिंत धरून चालणारं माणूस रात्री पडतं आणि मग खुबा मोडून येतं आमच्याकडे.

मी घेतलंय का? नाही. डावा गुडघा माझा दुसऱ्या स्टेजला आहे, चार वर्षं झाली. सहा किलो उतरवले, त्यातले दोन परत आले. टॉवेल रोज दाबतो, खोटं नाही, रविवार सोडून. आणि क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून. लिफ्ट आहे बिल्डिंगला, पण ती महिन्यातले पंधरा दिवस बंदच असते.